बूटब्लॅकच्या खुर्चीवर

शिकागोतल्या मराठी माणसाला डेव्हॉन अव्हेन्यू कुठं आहे ते सांगावं लागत नाही. पोहे, कढीपत्ता, चितळ्यांची बाकरवडी, लग्नाची साडी, सगळं तिथंच मिळतं. रस्त्याच्या एका पट्ट्याला गांधींचं मानद नावही दिलेलं आहे. हाच रस्ता धरून, देशी दुकानं मागं टाकून पूर्वेला मिशिगन सरोवराच्या दिशेनं चालत राहिलं की पाट्यांच्या लिप्या बदलतात, गर्दी विरळ होते आणि ग्रीनव्ह्यू अव्हेन्यूवर वळताच एक जुनी इमारत लागते. कधीकाळी ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं. आज तिथं लेदर आर्काइव्ह्ज अँड म्युझियम आहे. किराणा घ्यायला येणाऱ्या किती जणांना याचा पत्ता असेल? मी ज्यांच्याकडं उतरलो होतो त्यांना नव्हता, आणि ते या भागात कित्येक वर्षं राहतात.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता पुण्यात असतो. ऑफिसच्या कामासाठी मिलवॉकीत होतो आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याला जोडून सुट्टी आली होती. मी समलिंगी आहे, आणि माझे आजोबा सुभाषनगरात चपला करायचे. या दोन गोष्टी एकाच ठिकाणी एकाच वेळी उपयोगाला येतील असं मला कधी वाटलं नव्हतं. शिकागोत आल्या.

लेदर समुदाय म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सैन्यातून परतलेल्या अनेक समलिंगी पुरुषांनी मोटारसायकलींचे क्लब काढले. लॉस एंजेलिसमधला सॅटर्स हा क्लब 1954 सालचा. कातडी जाकीट, जड बूट, आपापसांतली शिस्त आणि एकमेकांना सांभाळून घेण्याची रीत यांतून एक वेगळी दुनिया उभी राहिली. समलिंगी पुरुष म्हणजे नाजूक, बायकी, अशी जी प्रतिमा जगानं करून ठेवली होती ती या माणसांनी सरळ नाकारली. यात लैंगिक आकर्षण आहे, हुकूम देण्या-घेण्याचे परस्परसंमतीनं मांडलेले खेळ आहेत, ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही. पण त्याच्याच बरोबरीनं इथं बंधुभाव आहे, निधी गोळा करणं आहे, वडीलधाऱ्यांचा मान आहे. पुढं यात स्त्रिया आल्या, पारलिंगी माणसं आली. शिकागोत चक रेन्स्लो आणि त्यांचे जोडीदार डॉम ओरेहुदोस यांनी गोल्ड कोस्ट नावाचा बार चालवला. तो देशातल्या सुरुवातीच्या लेदर बारपैकी एक. ओरेहुदोस ‘एतिएन’ या नावानं चित्रं काढत, आणि त्या बारच्या भिंतींसाठी त्यांनी रंगवलेली मोठमोठी चित्रं आज या संग्रहालयात आहेत.

संग्रहालयात मी दुपारभर रमलो. एतिएनच्या चित्रांतल्या पुरुषांचे खांदे दारात मावणार नाहीत इतके रुंद, पण माझी नजर सारखी खाली, त्यांच्या पायांकडं जात होती. बूट रंगवताना चित्रकारानं जी मेहनत घेतली आहे ती चेहऱ्यांवरही घेतलेली नाही. घोट्याजवळच्या वळ्या, टाचेची कड, चवड्यावर पडलेला दिव्याचा उजेड. कातडं कुठं वाकतं आणि कुठं ताठ राहतं, हे त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं. आजोबा असते तर त्यांनी ते चित्र बोटानं चाचपून पाहिलं असतं.

हे संग्रहालय 1991 मध्ये रेन्स्लो आणि टोनी डीब्लेस यांनी सुरू केलं. त्याच वर्षी ओरेहुदोस गेले. एड्सचा तो सर्वांत वाईट काळ होता. माणसं जात होती आणि त्यांच्या मागं राहिलेल्या खोल्या आवरायला येणाऱ्या नातेवाइकांना कपाटातल्या त्या वस्तूंची लाज वाटायची. जाकिटं, पत्रं, फोटो, क्लबची बोधचिन्हं थेट कचऱ्यात जायची. आपला इतिहास आपणच जपला नाही तर तो उरणार नाही, हे उघड दिसत होतं. डीब्लेस हेच लेदर ध्वजाचे कर्ते. काळे-निळे पट्टे, मधोमध एक पांढरा आणि कोपऱ्यात लाल बदाम असा तो ध्वज त्यांनी 1989 मध्ये शिकागोतच पहिल्यांदा लोकांसमोर आणला. रंगांचा अर्थ सांगायचं मात्र त्यांनी टाळलं, तो ज्याचा त्यानं लावावा म्हणाले. मला हे फार आवडलं.

आता बुटांकडं येतो. 1979 पासून शिकागोत दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस इंटरनॅशनल मिस्टर लेदर नावाचा मेळावा भरतो. गोल्ड कोस्ट बारमधल्या एका छोट्या स्पर्धेतून तो वाढला. जगभरातून लोक येतात, शहरातलं एखादं मोठं हॉटेल त्या दिवसांत कातड्याच्या वासानं भरून जातं. 1993 पासून त्याच मेळाव्यात इंटरनॅशनल मिस्टर बूटब्लॅक हा किताबही दिला जातो. बायकांच्या मेळाव्यात, इंटरनॅशनल मिस लेदरमध्ये, असाच किताब काही वर्षांनी सुरू झाला. बूटब्लॅक म्हणजे बुटांना पॉलिश करणारा. मुंबईच्या चर्चगेटला किंवा सीएसएमटीला पेटीवर ब्रश ठोकत बसलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो, तोच. इथं त्याला खांद्यावर पट्टा मिळतो, मंचावर नाव पुकारलं जातं, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. हे मी वाचलं होतं. वाचून पटलं नव्हतं, म्हणून पाहायला आलो होतो.

हॉटेलच्या एका दालनात भिंतीशी उंच खुर्च्या मांडलेल्या होत्या. खुर्चीखाली चौथरा, चौथऱ्यावर पाय ठेवायला लोखंडी आधार, आणि त्याच्यापुढं बुटक्या स्टुलावर बसलेला बूटब्लॅक. त्याच्या शेजारी डबे, ब्रश, चिंध्या, पाण्याची वाटी. दालनात बडबड भरपूर होती, पण खुर्च्यांच्या आसपास आवाज आपोआप खाली येत होता. रांगेत उभी असलेली माणसं समोरच्या बुटांकडं पाहत होती. संगीताच्या बैठकीत पुढच्या ओळीतले लोक गवयाच्या हाताकडं पाहतात तशी.

माझी पाळी जिच्यापाशी आली ती पन्नाशीच्या पुढची कृष्णवर्णीय बाई होती. नाव लिहीत नाही. इथं भेटलेल्या माणसाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायचं नाही, हा या दुनियेचा जुना संकेत आहे. केस बारीक कापलेले, जाड काळा ॲप्रन, नखांच्या कडांना कायमची काळी रेघ. मी खुर्चीत बसलो आणि पाय वर ठेवले, आणि मला उठावंसं वाटलं. आपल्याकडं चुकून कुणाला पाय लागला तरी हात छातीला जातो. इथं माझ्या आईच्या वयाची बाई माझ्या पायांपाशी बसली होती. तिनं ते ओळखलं असावं. ती लगेच कामाला लागली नाही. आधी तिनं विचारलं, कुठं दुखतं का, घोट्याला कधी मार लागलाय का, हात कुठवर लावलेला चालेल. मग बुटांबद्दल विचारलं. कुठं घेतले, किती चालता, पावसात घालता का, चमक हवी की नुसतं कातडं निरोगी हवं. माझे बूट साधे होते, पुण्यात घेतलेले. ती म्हणाली, “साधं असं काही नसतं. हे तहानलेले आहेत.”

पुढचं काम मी पाहत राहिलो. पँटचा काठ दुमडून मोज्यात खोचला, नाड्या काढून बाजूला ठेवल्या, बुटाची जीभ उघडी केली. कोरड्या ब्रशनं धूळ झाडली. धूळ तशीच ठेवून वर काही लावलं तर ती कातड्यात रगडली जाते आणि वाळूच्या कागदासारखं काम करते, असं ती सांगत होती. मग सॅडल सोप. डब्यातल्या त्या साबणावर ओला ब्रश फिरवून दाट फेस केला, बोटभर भाग घेऊन गोल गोल घासला आणि लगेच ओल्या फडक्यानं टिपला. तळ आणि वरचं कातडं जिथं शिवलेलं असतं त्या खाचेत जुन्या टूथब्रशानं फेस घातला. साबण कातड्यावर वाळू द्यायचा नाही आणि सारखा सारखा लावायचाही नाही, कारण मळाबरोबर तो कातड्यातली चरबीही थोडी काढून नेतो. कातडं म्हणजे तंतूंचं जाळं. तंतूंमधली स्निग्धता गेली की ते एकमेकांवर घासतात, आखडतात, आणि जिथं बूट वाकतो तिथं पहिली भेग पडते.

यानंतर पॉलिश लावायचं की ग्रीस, ते कातड्यावर ठरतं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचे बूट इंजिनिअर पद्धतीचे, गुडघ्याखालपर्यंत येणारे, तेल जिरवून कमावलेल्या कातड्याचे होते. अशा कातड्याला मेणाचं पॉलिश मानवत नाही. चमक तर येत नाहीच, वर एक चिकट थर बसतो. त्याला ग्रीस लागतं. इथल्या बूटब्लॅकांचं लाडकं ह्युबर्ड्स नावाचं ग्रीस ओरेगॉन राज्यात 1921 पासून बनतं. त्यात मधमाश्यांचं मेण आणि पाइनच्या लाकडाचं डांबर असतं. डबा उघडला की धुराचा, जंगलाचा वास दालनभर पसरतो. बऱ्याच बूटब्लॅकांना तो वास हाच आपल्या कामाचा वास वाटतो. हे ग्रीस शेजारचा तरुण सरळ हातांनी लावत होता. तळव्याच्या उबेनं ते वितळतं आणि हाताला कळतं की कुठं कातडं पितंय आणि कुठं भरलंय. फडक्याला हे कळत नाही.

माझ्या बुटांचं कातडं गुळगुळीत होतं, म्हणून त्यांना आधी थोडं कंडिशनर आणि मग काळं मेण-पॉलिश. जुन्या सुती टी-शर्टची पट्टी दोन बोटांना घट्ट गुंडाळायची, पॉलिशला जेमतेम टेकवायची, आणि छोटे गोल काढत थर चढवायचा. मग पाण्याचा थेंब, पुन्हा थर. पाण्यानं मेण गार राहतं आणि घट्ट, सपाट बसतं. घोड्याच्या केसांचा ब्रश हलका आणि वेगानं चालवायचा, जोर लावायचा नाही. एका पायाचं झालं की तिनं बोटानं चवड्यावर दोनदा टकटक केलं. मी न सांगता दुसरा पाय पुढं केला. चर्चगेटचा माणूस पेटीवर ब्रश ठोकून हेच सांगतो. तिला हे सांगितल्यावर ती इतकी खूश झाली की ब्रश थांबवून शेजारच्याला तिनं ते पुन्हा माझ्याकडून सांगायला लावलं.

मग तिनं विचारलं की मला कातड्याबद्दल इतकं कसं ठाऊक. मी आजोबांबद्दल सांगितलं. कोल्हापुरी चपलेचा तळ म्हशीच्या कातड्याचा असतो, ते बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात मुरवून कमावतात, जुन्या पद्धतीत खिळा वापरत नाहीत आणि शिवण कातड्याच्याच वादीनं घालतात. नवी चप्पल चावू नये म्हणून तेल चोळून ठेवतात. हिरडा म्हणजे काय ते तिला कळेना. फोनवर चित्र दाखवलं, तर म्हणाली, “अरे, हे तर मायरोबलान!” इंग्रजांच्या काळात आपल्या सह्याद्रीतला हिरडा बोटींनी युरोपच्या चर्मालयांत जायचा, आणि जुन्या चर्मकामाच्या पुस्तकांत तो त्याच नावानं आहे. रापी, म्हणजे चांभाराची कातडं कापायची सुरी, कशी धरायची ते मी तिला हातवाऱ्यांनी दाखवलं. तिच्याकडंही तशीच, थोड्या वेगळ्या पात्याची सुरी होती. रांगेतली माणसं खोळंबली होती, पण कुणी कुरकुरलं नाही. खुर्चीपाशी बूटब्लॅकचा शब्द शेवटचा असतो. कुणाला बसवायचं, किती वेळ घ्यायचा, कुणाला नाही म्हणायचं, ते तीच ठरवते. मघाशी एक जण मोबाइलवर मोठ्यानं बोलत येऊन बसला होता. तिनं त्याला शांतपणे उठवलं आणि तो माफी मागून उठला.

आणि मग मी तिला ते सांगितलं जे मला सकाळपासून टोचत होतं. आमच्या देशात कातड्याला हात लावणारे कोण ते जन्मानं ठरतं. ज्यानं चप्पल केली त्यालाच ती घालून गावातल्या वाड्यापुढून जाता येत नसे. ‘पायीची वहाण पायी बरी’ ही म्हण माझ्या वडिलांना शाळेत एका गुरुजींनी तोंडावर ऐकवली होती. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडा असं निक्षून सांगितलं, आणि ते वारं आमच्याही वस्त्यांपर्यंत पोचलं. वडील शिकले, बँकेत लागले, आणि आजोबांच्या हत्यारांची पेटी त्यांनी मला उघडू दिली नाही. आमच्या घरात संत रोहिदासांचा आणि बाबासाहेबांचा, दोन्ही फोटो आहेत, पण रापी नाही. मी लहानपणी चपलेच्या कारागिरीचं कौतुक केलं की वडील म्हणायचे, “जे काम निवडायची सोय नव्हती त्याची थोरवी मला सांगू नकोस.” मी तिला विचारलं, की इथं तुम्ही सगळे या कामाला इतका मान देता, तो मला पाहवतो, पण पचत नाही. काय करू?

तिनं माझा पाय खाली ठेवला नाही. तसाच हातात धरून बोलली. तिचे आजोबा दक्षिणेतल्या एका रेल्वे स्टेशनवर बूट पुसायचे. गुलामगिरी संपल्यावरही काळ्या मुलांना शहरात जी थोडी कामं मिळत त्यांतलं हे एक. माल्कम एक्स यांनीसुद्धा तरुणपणी बॉस्टनच्या रोझलँड बॉलरूममध्ये बूट पुसलेले आहेत. “माझ्या आईला मी हे करते ते अजून आवडत नाही,” ती म्हणाली. “तिचं बरोबर आहे. पण आजोबांना उठून जाता येत नव्हतं. मला येतं. मी ही पेटी आत्ता बंद केली तर या दालनातला एकही माणूस मला परत बसवू शकत नाही. म्हणून मी बसते तेव्हा ते माझं बसणं असतं.” थोडं थांबून तिनं पुढं सांगितलं की या मेळाव्यांतही काही लोक बूटब्लॅकला नोकर समजतात, पैसे न ठेवता उठतात, आणि अशांना सुनवायला ती आता शिकली आहे. सगळं आलबेल आहे असं सोंग तिनं केलं नाही.

मी या बोलण्यावर नंतर खूप विचार केला आहे. वडिलांचं म्हणणं यानं खोडलं जात नाही, आणि मला ते खोडायचंही नाही. आपल्याकडं गटारात उतरणारा, ढोर सोलणारा, चप्पल शिवणारा यांच्या कामाला ‘सेवा’ म्हणून गोंजारणाऱ्यांचा मला संताप येतो, तो तसाच आहे. पण निवडीचं स्वातंत्र्य मिळालेल्या माणसानं तेच काम हातात घेतलं की त्यातलं कौशल्य, त्यातला जिव्हाळा, किती उघडा आणि मोकळा दिसतो, ते मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. आजोबांचे हात तितकेच कुशल होते. ते पाहायला कुणी रांगेत उभं राहिलं नाही, याचं दुःख मला तिथं पहिल्यांदा नीट झालं.

संध्याकाळी ती चहाच्या सुट्टीत भेटली तेव्हा मी विचारलं, की या समुदायात बुटांना इतकं महत्त्व का? जाकिटाला, टोपीला का नाही? तिचं उत्तर सरळ होतं. एड्सच्या वर्षांत मरणाऱ्या माणसाला हात लावायला दवाखान्यातले लोकसुद्धा कचरत. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून जात. अशा काळात संध्याकाळी बारच्या कोपऱ्यात कुणीतरी तुमचे पाय हातात घ्यायचा, घाई न करता, आणि तुम्हाला विचारायचा की आज कसे आहात. आजारी आहात हे तो बुटावरून ओळखायचा, कारण पोटरी बारीक होऊन बूट सैल पडलेला असायचा. माणूस गेला की त्याचे बूट मित्राकडं यायचे. तो ते बूटब्लॅककडं घेऊन यायचा, आणि दोघं मिळून ते स्वच्छ करायचे. तिच्या गुरूनं तिला पहिला धडा अशाच एका जोडीवर दिला. त्या बुटांच्या आत टाचेखाली पहिल्या मालकाच्या पायाचा खळगा तसाच होता, आणि गुरूनं बजावलं होतं की बाहेरून हवं ते कर, पण आतला खळगा भरायचा नाही.

हे शिकणं सगळं असंच चालतं. शाळा नाही, प्रमाणपत्र नाही. जुना बूटब्लॅक नव्याला शेजारी स्टुलावर बसवतो, आधी नुसते ब्रश धुवायला लावतो. हल्ली कार्यशाळा होतात, चित्रफिती आहेत, पण कातड्याचा ओलावा चित्रफितीत दिसत नाही. मेळाव्यातल्या स्पर्धेतही भाषण किंवा शरीरसौष्ठव यांपेक्षा मोठी परीक्षा म्हणजे ते सगळे दिवस खुर्चीपाशी बसून प्रत्यक्ष काम करणं, आणि पाहुणे ज्याच्या हाताखाली बसले त्याला मत देणं. मला ही पद्धत फार न्याय्य वाटली.

शिकागोहून परतीच्या वाटेवर सॅन फ्रान्सिस्को घेतलं. शहर सगळ्यांनी वर्णिलेलं आहे, त्यात मी भर घालत नाही. पूल धुक्यात होता. मी गेलो साउथ ऑफ मार्केट भागात, जिथं 1960 च्या दशकात टूल बॉक्स, फीबीज असे लेदर बार होते. फॉल्सम स्ट्रीट फेअर हा प्रचंड मेळावा 1984 पासून याच भागात सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी भरतो. आता तिथं काचेच्या इमारती आणि सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. भाडी वाढली, माणसं मेली, बार मिटले. 2018 मध्ये शहरानं या भागाला लेदर आणि एलजीबीटीक्यू सांस्कृतिक विभाग म्हणून अधिकृत मान्यता दिली.

रिंगोल्ड नावाची एक अरुंद गल्ली आहे, आठव्या आणि नवव्या रस्त्याच्या मधे. बार बंद झाले की रात्री पुरुष इथं एकमेकांना भेटायला यायचे. 2017 मध्ये या गल्लीत स्मारक उभारलं. मिटलेल्या जुन्या जागांची नावं दगडांवर कोरली आहेत, टूल बॉक्सच्या भिंतीवर चक आर्नेट यांनी काढलेल्या चित्राची आठवण एका उभ्या दगडावर आहे, आणि पदपथाच्या कडेनं ब्राँझमध्ये ओतलेले बुटांचे ठसे आहेत. प्रत्येक ठशावर एका गेलेल्या माणसाचं नाव. अशी 28 माणसं. टोनी डीब्लेस तिथं आहेत. कवी थॉम गन आहेत. सिंथिया स्लेटर आहे, जिनं 1974 मध्ये सोसायटी ऑफ जेनस ही संस्था काढायला पुढाकार घेतला आणि पुढं एड्सबद्दल बायकांना माहिती देणारी दूरध्वनी सेवा उभी केली. ॲलन सेल्बी आहेत, कातडी कपड्यांचे दुकानदार, ज्यांनी आजारी लोकांसाठी अफाट पैसा गोळा केला. पुतळे नाहीत, चेहरे नाहीत, नुसते तळवे. पंढरपूरला, गाणगापूरला पादुकांपुढं वाकणाऱ्या मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको. मी वाकून एका ठशात हात घातला. ऑफिसला निघालेला एक मुलगा मला ओलांडून कानात गाणी ऐकत पुढं गेला.

पुण्यात आल्यावर वडिलांना फोटो दाखवले. मी कोण आहे ते त्यांना ठाऊक आहे, त्याबद्दल आम्ही फार बोलत नाही. खुर्च्यांचे, डब्यांचे, माझ्या बुटांचे फोटो त्यांनी मोठे करून पाहिले. ती काय म्हणाली तेही मी सांगितलं, आजोबांचं आणि तिच्या आजोबांचं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “त्या ग्रीसमध्ये मेण किती आणि डांबर किती?” मला प्रमाण ठाऊक नव्हतं. डबा आणला होता, तो दिला. त्यांनी वास घेतला, अंगठ्यानं थोडं ग्रीस घेऊन तर्जनीवर चोळलं, आणि म्हणाले की आजोबा एरंडेलात मेण वितळवून घालायचे, ते याहून पातळ व्हायचं.

कुणाला जायचं असेल तर थोडं कामाचं सांगतो. संग्रहालय 18 वर्षांवरच्यांसाठीच आहे, आणि ते आठवड्यातले ठरावीकच दिवस उघडं असतं, तेव्हा आधी वेळ पाहून घ्या. रेड लाइननं लोयोला स्टेशनला उतरलं की चालत जाता येतं. येताना डेव्हॉनवर जेवा. बूटब्लॅकच्या खुर्चीत बसणार असाल तर नाड्या आधीच सैल करून ठेवा, स्वच्छ मोजे घाला, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. काम चालू असताना तिच्या डब्यांना, ब्रशांना हात लावायचा नाही. बक्षिसी सढळ हातानं आणि तिच्या हातात द्या, डब्यात टाकून निघून जाऊ नका. तुम्ही बसलात म्हणजे आणखी कशाला होकार दिलात असं कुणी धरत नाही, तुम्हीही धरू नका. आणि सुएडचे बूट घालून रांगेत उभं राहू नका, त्यांना साबणही चालत नाही आणि ग्रीसही.